निरीश्वरवाद, अज्ञेयवाद आणि निश्चयाचा प्रश्न

विहारांतून चालणाऱ्या धम्मवर्गांत एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. "ईश्वर नाही, असे आपण म्हणता, परंतु तो नाही, हे आपण सिद्ध करू शकता काय? सिद्ध करता येत नसेल, तर 'नाही' म्हणणे हीसुद्धा एक श्रद्धाच नव्हे काय?" प्रश्न विचारणारा बहुधा तरुण असतो, वाचणारा असतो आणि प्रामाणिकही असतो. परंतु याच प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरी एक गोष्ट हळूच घरात शिरते. नक्की माहीत नाही ना, मग भिंतीवर एखादी तसबीर राहिली तर काय झाले? लग्नाचा मुहूर्त पाहिला, शेजारच्या पूजेत हात जोडले, तर बिघडले कोठे? बौद्धिक शंका म्हणून आरंभ झालेली गोष्ट अशा रीतीने आचारातील तडजोडीपर्यंत येऊन पोहोचते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर केवळ वादासाठी नव्हे, तर आपल्या आचारासाठीही नीट समजून घेणे आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. एक मानण्याची, दुसरी जाणण्याची. त्यांची गाठ सोडवली की अर्धा गोंधळ आपोआप संपतो. प्रस्तुत लेखात प्रथम शब्दांचा, नंतर पालि वाङ्मयाचा आणि शेवटी आपल्या आचाराचा विचार आम्ही करणार आहोत.

शब्दांचा गोंधळ

मराठीत 'नास्तिक' हा शब्द आपण सरसकट 'ईश्वर न मानणारा' या अर्थी वापरतो. या शब्दाचा इतिहास मात्र वेगळा आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (४.४.६०) 'आस्तिक' व 'नास्तिक' हे शब्द सिद्ध केलेले आहेत आणि टीकाकारांनी त्यांचा संबंध परलोक मानण्या-न मानण्याशी लावला आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वेदाची निंदा करणारा तो नास्तिक, असा अर्थ येतो. म्हणूनच जगाचा कर्ता न मानणारे प्राचीन सांख्य आणि मीमांसक वेद मानतात एवढ्यावरून आस्तिक ठरले, तर बौद्ध आणि जैन नास्तिक ठरले. येथे ईश्वराचा प्रश्नच नव्हता. प्रश्न वेदप्रामाण्याचा होता.

पालि वाङ्मयात 'नत्थिकवाद' असा शब्द येतो. त्याचा अर्थ तिसराच आहे. दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात अजित केसकम्बलीचे जे मत नोंदले आहे, त्यात दानाला फळ नाही, सुकृत-दुष्कृत कर्मांना विपाक नाही, असे म्हटले आहे. तथागतांनी या मताचा निषेध केला, तो ते नीतीचा पायाच उखडते म्हणून. तेव्हा 'बुद्धांनीही नास्तिकांचा निषेध केला आहे' असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा तो 'नत्थिक' आणि 'निरीश्वर' या दोन शब्दांची अदलाबदल करीत असतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

'अज्ञेयवाद' हा शब्द तर अगदी अलीकडचा आहे. ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण तो योजतो, तो ॲग्नॉस्टिक हा शब्द जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सले याने १८६९ साली लंडनच्या मेटॅफिजिकल सोसायटीच्या वर्तुळात प्रथम वापरला. १८८९ सालच्या एका निबंधात त्याने त्यामागची हकीकत सांगितली आहे. त्या मंडळात प्रत्येकाजवळ कोणता ना कोणता 'वाद' होता. याच्याजवळच कोणतेही बिरुद नव्हते. म्हणून त्याने एक शब्द घडविला. परंतु हा शब्द म्हणजे नवा पंथ नव्हे, ती एक पद्धती आहे, असे त्याने स्पष्ट केले. बुद्धी नेईल तेथवर निर्भयपणे जावे आणि जे सिद्ध झालेले नाही ते सिद्ध झाले असल्याचा आव आणू नये, हे त्या पद्धतीचे सार होय. याच हक्सलेने १८९३ सालच्या उत्क्रांती आणि नीती यांवरील व्याख्यानात बौद्ध धर्माचा सविस्तर विचार केला आणि ईश्वराविना उभ्या राहिलेल्या या धर्माची आदराने दखल घेतली, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे.

मराठी प्रतिशब्दाने मात्र थोडा घोटाळा केला आहे. 'अज्ञात' म्हणजे जे आज माहीत नाही ते. 'अज्ञेय' म्हणजे जे कधीही जाणताच येणार नाही ते. हक्सलेची भूमिका पहिल्या अर्थाच्या जवळची होती. अंतिम तत्त्व मुळातच अज्ञेय आहे, ही भूमिका हर्बर्ट स्पेन्सरची. त्याने ती १८६२ सालच्या ग्रंथात मांडली. आपल्याकडे गोपाळ गणेश आगरकरांसारख्या सुधारकांवर स्पेन्सरचा मोठा प्रभाव होता. 'आम्हांस माहीत नाही' हे नम्रतेचे विधान आहे. 'कोणालाही कधीच कळणार नाही' हा मात्र एक मोठा दावा आहे आणि त्यालाही पुरावा लागतो. अज्ञेयवादी म्हणविणाऱ्याने आपण या दोहोंपैकी नेमके काय म्हणत आहोत, हे आधी ठरविले पाहिजे.

मानणे आणि जाणणे

आता मुख्य भेदाकडे वळू. 'तुम्ही ईश्वर मानता काय?' हा एक प्रश्न. त्याचे 'नाही' हे उत्तर देणारा निरीश्वरवादी. 'ईश्वर आहे किंवा नाही, हे तुम्ही निश्चित जाणता काय?' हा दुसरा प्रश्न. त्याचे 'नाही' हे उत्तर देणारा अज्ञेयवादी. एकच मनुष्य दोन्ही प्रश्नांना 'नाही' म्हणू शकतो आणि त्यात विसंगती नाही. उलट बाजूनेही, 'मी जाणत नाही, तरी मानतो' असे म्हणणारे भाविक पुष्कळ आहेत. म्हणजे अज्ञेयवाद हा आस्तिक आणि निरीश्वर यांच्या मधला पाट नव्हे. तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

चार्ल्स ब्रॅडलॉ हा एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचा सर्वांत प्रसिद्ध निरीश्वरवादी. त्याचेही म्हणणे असे होते की, 'ईश्वर नाही' असे ठासून सांगण्याची त्याला गरजच नाही; 'ईश्वर' या शब्दाने नेमके काय सांगितले जाते, हेच त्याच्यापुढे कोणी स्पष्ट केलेले नाही. १८८० साली तो पार्लमेंटवर निवडून आला. परंतु शपथेच्या वादामुळे त्याला आपले आसन निर्वेधपणे मिळण्यास १८८६ साल उजाडले. १८८८ साली त्याच्याच प्रयत्नाने शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा हक्क कायद्याने मान्य झाला. १८८९ साली मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनास तो उपस्थित होता. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतही ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन, असे दोन्ही पर्याय आहेत. दृढकथन करणाऱ्याकडून 'ईश्वर नाही हे आधी सिद्ध करा' अशी मागणी कायदा करीत नाही. न मानण्याचा हक्क सिद्धतेवर अवलंबून नसतो, हेच यातून दिसते.

बर्ट्रांड रसेल याने १९४७ साली हाच मुद्दा मार्मिकपणे मांडला. तत्त्वज्ञांच्या सभेत बोलताना आपण स्वतःला अज्ञेयवादी म्हणवू, कारण ईश्वर नसल्याची निर्णायक सिद्धता आपल्याजवळ नाही. परंतु सामान्य माणसाशी बोलताना आपण निरीश्वरवादी असेच म्हणू, कारण ग्रीकांच्या होमरकालीन देवतांचे नास्तित्वही आपणास सिद्ध करता येत नाही, तरी त्या असतील असे कोणीच गंभीरपणे धरून चालत नाही. असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे.

आपल्या परिचयाचे उदाहरण घ्यावयाचे तर सावकाराचे घेता येईल. एखादा मनुष्य दारात येऊन म्हणतो, 'तुझ्या पणजोबाने माझ्या पणजोबाकडून कर्ज घेतले होते, व्याज दे.' कर्ज घेतलेच नव्हते, हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही. परंतु म्हणून तुम्ही व्याज भरू लागत नाही. तुम्ही म्हणता, 'कागद दाखव.' दावा करणाऱ्यावर पुराव्याचा भार असतो. कागद मिळेपर्यंत व्याज न देणे ही अंधश्रद्धा नव्हे आणि उद्धटपणाही नव्हे. ईश्वराच्या नावाने आपल्या पूर्वजांकडून किती पिढ्या व्याज वसूल झाले, हे या नियतकालिकाच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

तथागत अज्ञेयवादी होते काय?

काही अभ्यासक असे लिहितात की, ईश्वराविषयी बुद्ध मौन राहिले. म्हणून ते अज्ञेयवादी होत. हे विधान पालि ग्रंथांच्या आधारे टिकत नाही. मज्झिमनिकायातील चूळमालुंक्य सुत्तात दहा अव्याकृत प्रश्नांची यादी आहे. लोक शाश्वत आहे की अशाश्वत, अंतवान आहे की अनंत, जीव व शरीर एक की भिन्न आणि मरणोत्तर तथागताविषयीचे चार विकल्प, असे ते दहा प्रश्न. या यादीत सृष्टिकर्त्या ईश्वराचा प्रश्न नाही.

त्या प्रश्नावर तथागत बोलले आहेत. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील तित्थायतन सुत्तात, मनुष्य जे काही सुखदुःख भोगतो ते सारे 'इस्सरनिम्मानहेतु', म्हणजे ईश्वराच्या निर्मितीमुळे, या मताचा परामर्श आहे. तथागतांची टीका अशी की, हे मत खरे धरले तर हत्या करणारा, चोरी करणारा, असत्य बोलणारा हे सर्व ईश्वरनिर्मितीमुळेच तसे वागतात असे म्हणावे लागेल. मग हे करावे आणि हे करू नये, या विचाराला व प्रयत्नाला जागाच उरत नाही. येथे मौन नाही, स्पष्ट नकार आहे. तो नकार नीतीच्या पायावर उभा आहे.

पालि ग्रंथांत देव, सक्क, ब्रह्मा यांचे उल्लेख आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु ते जगाचे कर्ते नाहीत. तेही उत्पन्न होतात आणि च्युत होतात. केवट्ट सुत्तातील महाब्रह्मा तर स्वतःला सर्वज्ञ आणि निर्माता म्हणवितो. परंतु एका भिक्खूने महाभूतांविषयीचा प्रश्न पुनःपुन्हा विचारताच त्याला हाताला धरून बाजूला नेतो आणि आपल्या परिवाराला ऐकू जाणार नाही अशा बेताने कबूल करतो की, हे मला ठाऊक नाही. निश्चयाचा आव आणि ज्ञान यांतील अंतर याहून चांगले क्वचितच दाखविले गेले असेल.

तेविज्ज सुत्तातील पद्धती आणखी उद्बोधक आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण ब्रह्म्याशी सायुज्याचा खरा मार्ग कोणता यावर वाद घालीत तथागतांकडे येतात. तथागत 'ब्रह्मा नाही' असे म्हणत नाहीत. ते विचारतात, तुमच्यापैकी कोणी त्याला पाहिले आहे काय? तुमच्या आचार्यांनी? त्यांच्या आचार्यांनी, सात पिढ्यांपर्यंत? ज्या ऋषींनी मंत्र रचले त्यांनी? प्रत्येक वेळी उत्तर 'नाही' असे येते. मग ही एकमेकांना धरून चाललेली आंधळ्यांची रांगच ठरते. याला 'कागद दाखव' असेच म्हणतात.

मग तथागतांनी 'माहीत नाही' असे म्हणणाऱ्यांना नावे का ठेवली? ब्रह्मजाल सुत्तातील बासष्ट दृष्टींमध्ये अमराविक्खेपिकांचे चार प्रकार येतात. अमरा नावाचा मासा हाती लागत नाही, तसे निसटते बोलणारे ते अमराविक्खेपिक. सामञ्ञफल सुत्तातील सञ्जय बेलट्ठपुत्त याच जातीचा. 'असेही म्हणत नाही, तसेही म्हणत नाही' हे त्याचे उत्तर. परंतु सुत्त बारकाईने वाचले तर दोष कोठे आहे ते दिसते. हे लोक कुशल काय आणि अकुशल काय, यावरही उत्तर देत नाहीत. कोणी असत्य बोलले जाईल या भयाने, कोणी आसक्तीच्या भयाने, कोणी पंडितांच्या उलटतपासणीच्या भयाने, तर कोणी केवळ मंदबुद्धीमुळे. जे जाणता येते आणि ज्यावर जगणे अवलंबून आहे, त्याविषयीही मत न देणे हा त्यांचा दोष. 'जे ज्ञात नाही ते ज्ञात नाही' म्हणणे हा दोष नव्हे. हक्सले आणि सञ्जय यांना एकाच पंगतीत बसविणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

निश्चय किती आणि कशाचा?

आता प्रश्न उरतो निश्चयाचा. 'नाही' हे कधीच सिद्ध होत नाही, असे म्हणतात ते खरे आहे काय? सातव्या शतकातील आचार्य धर्मकीर्ती यांनी याचे काटेकोर उत्तर दिले आहे. जी वस्तू असती तर दिसलीच असती, ती दिसत नसेल तर तिचा अभाव निश्चित होतो. समोरच्या जमिनीवर घट नाही, हे आपण निश्चयाने जाणतो. परंतु जी वस्तू स्वभावतःच दिसणारी नाही, उदाहरणार्थ पिशाच, ती दिसत नाही एवढ्यावरून फक्त संशय उरतो, अभावाचा निश्चय होत नाही.

हा निकष ईश्वराला लावून पाहावा. नवसाला पावणारा, रोग बरे करणारा, पाऊस पाडणारा ईश्वर हा घटासारखा आहे. त्याचे कार्य दिसावयास हवे. ते तपासता येते आणि तपासाअंती मिळत नाही. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, हा दावाही असाच तपासण्याजोगा. अस्सलायन सुत्तात तथागत एवढेच दाखवून देतात की, ब्राह्मणांच्या स्त्रियाही इतर स्त्रियांप्रमाणेच गर्भ धारण करतात, प्रसूत होतात आणि मुलांना पाजतात; हे सर्वांना दिसते. येथे 'नाही' असे निश्चयाने म्हणण्यास कसलाही संकोच नको.

सर्वशक्तिमान आणि करुणामय अशा कर्त्याची कल्पना दुसऱ्या प्रकारची. तीत अंतर्गत विरोध दिसतो. जग त्याच्या सत्तेखाली असेल तर इतके दुःख आणि इतका अन्याय का, हा प्रश्न भूरिदत्त जातकातही विचारलेला आहे. नित्य आणि अविकारी कारणापासून अनित्य कार्यांची परंपरा कशी निघेल, हा आक्षेप धर्मकीर्तींनी व त्यांच्यानंतर आठव्या शतकात आचार्य शान्तरक्षितांनी तपशिलाने मांडला.

उरतो तो तिसरा ईश्वर: ज्याचे रूप नाही, लक्षण नाही, कार्य नाही. याच्याविषयी, धर्मकीर्तींच्या निकषाने, संशयच उरेल. सोळाव्या शतकातील सांख्य भाष्यकार विज्ञानभिक्षू यांनीही सांख्यसूत्रांत ईश्वराची 'असिद्धी' म्हटली आहे, 'अभाव' म्हटलेला नाही, याकडे लक्ष वेधले होते. तो भेद आपणही मान्य करावा. परंतु ज्याचे कार्यच नाही, त्याच्यासाठी पूजा कसली, पुरोहित कसला, मुहूर्त कसला आणि वर्ण कसला? जो ईश्वर खोडून काढता येत नाही, त्याच्या नावाने काही मागण्याचा अधिकारही कोणास उरत नाही. वादात तिसरा ईश्वर पुढे करावयाचा आणि वाद संपताच पहिल्याची आरती करावयाची, ही युक्ती आपण ओळखली पाहिजे.

सत्याचे रक्षण

चंकी सुत्तात कापटिक नावाच्या सोळा वर्षांच्या ब्राह्मण तरुणाशी झालेला संवाद निश्चयाच्या प्रश्नावरील आपला सर्वांत मोलाचा आधार होय. श्रद्धा, रुची, परंपरेने ऐकलेले, तर्काने योजलेले आणि विचाराअंती पटलेले, या पाचही गोष्टी दोन्ही बाजूंनी फिरू शकतात, असे तथागत तेथे सांगतात. ज्यावर दृढ श्रद्धा आहे ते पोकळ निघू शकते आणि ज्यावर श्रद्धा नाही ते खरे असू शकते. म्हणून 'माझी श्रद्धा अशी आहे' एवढेच म्हणावे. त्यावरून 'हेच सत्य, बाकी सारे मिथ्या' असा निष्कर्ष काढू नये. याला 'सच्चानुरक्खणा', सत्याचे रक्षण, म्हटले आहे. त्यापुढे सत्याचा बोध आणि सत्याची प्राप्ती या पायऱ्या आहेत. त्या परीक्षणाने आणि अभ्यासाने चढावयाच्या असतात.

ही शिस्त केवळ भाविकांसाठी नाही, आपल्यासाठीही आहे. 'विज्ञानाने सर्व प्रश्न सुटले', 'आमच्या ग्रंथातील प्रत्येक अक्षर निर्दोष' असे म्हणणारा निरीश्वरवादीही सत्याचे रक्षण करीत नाही. परमपूज्य बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात धम्म काय नव्हे हे सांगताना ईश्वरावरील विश्वासाबरोबरच धर्मग्रंथांच्या प्रमादातीततेवरील विश्वासालाही त्याच यादीत बसविले आहे. यातील मर्म आपण विसरू नये.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची भाषा पाहावी. पहिल्या तीन प्रतिज्ञा मानण्याविषयी आणि उपासनेविषयी आहेत. अमुक देवांना मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, असा त्यांचा आशय आहे. विश्वाच्या अंतिम रहस्याविषयी सर्वज्ञतेचा दावा त्यांत नाही. तेथे आहे तो आपल्या श्रद्धेविषयी आणि आचाराविषयीचा निर्धार. याउलट, बुद्ध हा विष्णूचा अवतार, या प्रचाराला पाचव्या प्रतिज्ञेत स्पष्टपणे खोटे म्हटले आहे. कारण तो दावा घटासारखा आहे: पालि तिपिटकात त्याला कोठेही आधार नाही आणि ही कल्पना बुद्धांनंतर कित्येक शतकांनी पुराणांत येते. जेथे निश्चय शक्य आहे तेथे निश्चय आणि जेथे निर्धार पुरेसा आहे तेथे निर्धार, असा हा विवेक आहे.

तेव्हा धम्मवर्गातील त्या तरुणास आमचे उत्तर असे राहील. अंतिम प्रश्नांविषयी 'मला माहीत नाही' असे तुम्ही अवश्य म्हणा; त्यात कमीपणा नाही. परंतु त्या वाक्यातून 'म्हणून हात जोडतो' हे वाक्य निघत नाही. न जाणणे हे पूजेचे कारण होऊ शकत नाही. ते फार तर अधिक शोधाचे कारण होते. हिंसा अकुशल आहे, मैत्री कुशल आहे, मनुष्याला जन्मावरून हीन ठरविणे अकुशल आहे, हे जाणण्यासाठी विश्वाचा आरंभ ठाऊक असावा लागत नाही. तेथे सञ्जयासारखे निसटू नये. मालुंक्यपुत्ताला सांगितलेल्या दृष्टांतातील मनुष्याला बाण कोणी मारला हे कळण्याआधी बाण काढावा लागतो. आणि तो काढण्यासाठी लागणारे ज्ञान आपल्याजवळ आहे.